उष्णतेने जागे होणारे चुंबकत्व

चुंबक तापविला म्हणजे त्याची शक्ती जाते, ही गोष्ट लोहारापासून प्राध्यापकापर्यंत सर्वांस ठाऊक आहे. वरठीच्या श्रोत्यांना तर ती निराळी सांगावयास नको. गावात सनफ्लॅगचा पोलाद-कारखाना आहे आणि तापलेले लोखंड कसे वागते हे येथील पुष्कळ घरांत रोजच्या बोलण्यातले आहे. थंड पोलादी कांब लोहचुंबकाला घट्ट धरून राहते. तीच कांब लालबुंद झाली असता चुंबक तिला ओढीत नाही. शुद्ध लोखंडात हा बदल ७७० अंश सेल्सियसला होतो. प्येर क्यूरी या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९५ साली आपल्या प्रबंधात उष्णता आणि चुंबकत्व यांच्या संबंधाचा कसून विचार केला, म्हणून या तापमानास 'क्यूरी बिंदू' असे म्हणतात.

यामागील कारण सोपे आहे. लोखंडातील प्रत्येक अणू हा एक इवलासा चुंबक असतो. थंडीत हे सर्व चुंबक कवायतीतल्या शिपायांप्रमाणे एका दिशेला तोंड करून उभे राहतात. उष्णता म्हणजे अणूंची चुळबुळ. ती वाढली की कवायत मोडते आणि चुंबकत्व नाहीसे होते. तेव्हा उष्णता ही चुंबकत्वाची वैरीण, असा आपला समज होतो आणि बहुतेक पदार्थांच्या बाबतीत तो खराही आहे.

परंतु एक काळा, ठिसूळ, दिसावयास अगदी सामान्य असा पदार्थ या समजाला अपवाद आहे. लॅन्थनम, कोबाल्ट आणि ऑक्सिजन यांचे ते संयुक्त ऑक्साइड होय. ते शून्याखाली अडीचशे अंशांपर्यंत थंड केले असता त्यातील कोबाल्टचे चुंबकत्व जवळजवळ पूर्णपणे लोपलेले आढळते. मग त्याला ऊब द्यावी, तर चुंबकत्व कमी न होता उलट वाढू लागते. शून्याखाली सुमारे १७० अंशांवर ते कळसाला पोचते आणि तेथून पुढे मात्र इतर पदार्थांप्रमाणे हळूहळू उतरते. लोखंडातील चुंबक थंडीत रांगेत उभे असतात आणि उष्णतेने पांगतात. येथे थंडीत चुंबकच नाहीत आणि उष्णतेने ते जन्मास येतात. हे कसे घडते, ते ओळखण्याच्या कामी आपल्या देशातल्या संशोधकांनी काय केले, आणि या ज्ञानाचा व्यवहारात काय उपयोग व काय अडचण आहे, हे सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे.

लपलेली द्रव्ये

प्रथम या पदार्थातील मंडळींची ओळख करून घेऊ. कोबाल्ट हे नाव जर्मन खाणकामगारांच्या 'कोबोल्ड' नावाच्या भुतावरून पडले. खनिज चांदीसारखे दिसावे आणि वितळविल्यावर चांदी न मिळता विषारी धूर निघावा, हा भुताचाच खेळ असे त्यांस वाटे. अठराव्या शतकात स्वीडनच्या गेऑर्ग ब्रांट याने त्या खनिजातून ही धातू वेगळी ओळखली. लॅन्थनमचा शोधही स्वीडनमधलाच. १८३९ साली कार्ल मोसांडेर याला ते दुसऱ्या एका द्रव्याच्या आड दडलेले सापडले, म्हणून 'लपून राहणे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव ठेविले. लॅन्थनम व त्याची चौदा भावंडे यांच्या गटाला विरल मृत्तिका असे नाव आहे. नाव विरल असले तरी ही द्रव्ये तितकीशी विरल नाहीत. केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूत ती आहेत आणि ती वेगळी काढण्याचा कारखाना अलुवा येथे १९५२ पासून उभा आहे.

या दोन धातूंनी ऑक्सिजनबरोबर जी रचना केली आहे तिला 'पेरोव्हस्काइट' म्हणतात. उरल पर्वतात १८३९ सालीच सापडलेल्या एका खनिजावरून हे नाव आले. चौकोनी खोलीची कल्पना करावी. खोलीच्या आठ कोपऱ्यांत आठ लॅन्थनम, अगदी मधोमध एक कोबाल्ट आणि चार भिंती, छत व जमीन या सहांच्या मध्यावर एकेक ऑक्सिजन. अशा खोल्या एकीला एक लागून लक्षावधी बांधल्या म्हणजे स्फटिक झाला. कोबाल्टला सहा बाजूंनी सहा ऑक्सिजन वेढून आहेत, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढची सारी कथा तिच्यावर अवलंबून आहे.

धर्मशाळेतील सहा प्रवासी

कोबाल्टच्या अणूत सत्तावीस इलेक्ट्रॉन असतात. या ऑक्साइडात त्यातले तीन तो देऊन टाकतो. उरलेल्या चोवीसांपैकी अठरा आपापल्या जागी मुकाट बसलेले असतात. चुंबकत्वाचा सगळा कारभार बाकीच्या सहांकडे आहे.

या सहांना राहावयास पाच खोल्या आहेत. अणू एकटा असता तर पाचही खोल्या सारख्याच सोयीच्या असत्या. परंतु भोवतालच्या सहा ऑक्सिजनांमुळे भेद पडतो. दोन खोल्यांची तोंडे थेट ऑक्सिजनांकडे आहेत. ऑक्सिजनवर ऋण विद्युत्भार आणि इलेक्ट्रॉनवरही ऋणच, म्हणून तेथे राहणे कष्टाचे. उरलेल्या तीन खोल्यांची तोंडे ऑक्सिजनांच्या मधल्या फटींकडे आहेत, तेथे राहणे सुखाचे. तळमजल्यावर तीन खोल्या आणि माडीवर दोन, अशी ही धर्मशाळा आहे असे समजा. एका खोलीत जास्तीत जास्त दोघे मावतात.

आता प्रवाशांचा स्वभाव पाहा. त्यांना जिना चढावयाचा कंटाळा आहे. पण दुसऱ्याबरोबर एका खोलीत राहणेही त्यांना आवडत नाही. कारण ते परस्परांना दूर लोटतात. जिन्याचा त्रास मोठा असेल तर सहाही जण तळमजल्यावर दोघे दोघे राहतील. सहवासाचा त्रास मोठा असेल तर चौघे एकेकटे राहतील, एका खोलीत तेवढे दोघे असतील आणि माडीही भरेल. प्रत्येक इलेक्ट्रॉन हा स्वतः एक छोटा चुंबक आहे. एका खोलीतील दोघांची तोंडे नेहमी विरुद्ध दिशांना असतात, म्हणून जोडीचे चुंबकत्व शून्य होते. एकट्याचे मात्र टिकते. पहिल्या मांडणीत तिन्ही जोड्या, म्हणून चुंबकत्व नाही. दुसरीत चार एकटे, म्हणून चुंबकत्व भरपूर.

बहुतेक धातूंच्या ऑक्साइडांत या दोन त्रासांपैकी एक दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे मोठा असतो आणि निकाल कायमचा लागून जातो. आपल्या खिशातील मोबाइलच्या बॅटरीचेच उदाहरण घ्या. अशा पुष्कळ बॅटऱ्यांत लिथियम-कोबाल्टचे ऑक्साइड असते. त्यात कोबाल्टचे सहाही प्रवासी तळमजला सोडीत नाहीत. लॅन्थनमच्या ऑक्साइडात मात्र दोन्ही त्रास तराजूच्या पारड्यांसारखे जवळजवळ समान आहेत. तळमजल्याचे पारडे किंचित जड, इतकेच. कडाक्याच्या थंडीत सारे खाली असतात. थोडी ऊब मिळाली की काही अणूंतले प्रवासी माडीवर जातात आणि ते अणू चुंबक बनतात. हेच ते उष्णतेने जागे होणारे चुंबकत्व.

लॅन्थनमच्या जागी त्याचे धाकटे भावंड, म्हणजे प्रेसिओडिमियम किंवा निओडिमियम, घातले तर काय होईल? ही भावंडे आकाराने क्रमाक्रमाने लहान होत जातात. त्यामुळे खोली आवळली जाते, ऑक्सिजन कोबाल्टच्या जवळ सरकतो आणि जिना अधिक अवघड होतो. मग चुंबकत्व जागे करावयास अधिक उष्णता लागते. शिवाय या भावंडांना स्वतःचे चुंबकत्व असते. त्याच्या गोंगाटात कोबाल्टचा आवाज नीट ऐकू येत नाही. लॅन्थनम मात्र या बाबतीत मुका आहे. म्हणूनच अभ्यासकांनी मुख्यतः त्याची निवड केली.

दिल्लीच्या प्रयोगशाळेत

हे सारे आपण कथेसारखे सांगितले. पण अणूतील इलेक्ट्रॉन कोणत्या मजल्यावर आहेत हे पाहणार कसे? हॉलंडमध्ये आइंडहोव्हन येथील फिलिप्सच्या प्रयोगशाळेत योंकर आणि व्हान सांटेन यांनी १९५० ते १९५३ या काळात या जातीची मँगनीज व कोबाल्टची ऑक्साइडे बनवून त्यांचे चुंबकत्व मोजले. पुढे अमेरिकेत जॉन गुडइनफ यांनी त्याचा अर्थ लावला. ज्यांना बॅटरीच्या कामासाठी २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले, तेच हे गुडइनफ. मात्र चुंबकत्वाच्या मापनात सर्व अणूंची बेरीज हाती येते. एकेका अणूची स्थिती तिच्यातून दिसत नाही.

येथे एका मराठी शास्त्रज्ञाचे नाव आदराने घेतले पाहिजे. डॉ. विष्णु गणेश भिडे हे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत काम करीत होते. पुढे ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्या काळी कानपूरच्या आय. आय. टी. मध्ये असलेले प्रा. सी. एन. आर. राव आणि राजोरिया व रामराव या सहकाऱ्यांसह त्यांनी १९७२ साली या ऑक्साइडावरचे आपले संशोधन प्रसिद्ध केले. त्यांनी वापरलेली युक्ती अशी. किरणोत्सर्गी कोबाल्टचे थोडे अणू त्यांनी या स्फटिकात घातले. हे अणू दिसावयास व वागावयास साध्या कोबाल्टसारखेच, म्हणून ते त्याच्याच जागी जाऊन बसतात. त्यांचे अर्धायुष्य सुमारे २७२ दिवसांचे. कालांतराने ते लोखंडाच्या अणूंत रूपांतरित होतात आणि त्या वेळी गॅमा किरण सोडतात. शत्रूच्या गोटात आपला हेर बसवावा आणि त्याने आतून संदेश पाठवावा, तसा हा प्रकार आहे.

संदेश वाचण्याची रीत रुडॉल्फ म्यॉसबाउअर या जर्मन शास्त्रज्ञाने १९५८ मध्ये शोधली होती. वरठीच्या भंडारा रोड स्टेशनावर उभे राहून आपण पुष्कळदा अनुभवले असेल की, धडधडत येणाऱ्या एक्सप्रेसची शिटी बारीक ऐकू येते आणि गाडी पुढे निघून गेली की ती एकदम जाड होते. वेगामुळे स्वर बदलतो. गॅमा किरणांचाही 'स्वर' असाच बदलतो. स्फटिकात घट्ट बसलेल्या अणूकडून निघालेला स्वर इतका नेमका असतो की, सेकंदाला मिलिमीटरभर वेगानेही तो बदललेला कळतो. अणूभोवती इलेक्ट्रॉनांची मांडणी जशी असेल त्याप्रमाणे या स्वरात सूक्ष्म फरक पडतो. दोन मांडण्यांचे दोन स्वर निघतात, आणि कोणता किती मोठा यावरून कोणत्या मांडणीचे अणू किती, हे ठरविता येते.

द्रव नायट्रोजनच्या थंडीपासून भट्टीच्या उष्णतेपर्यंत हे स्वर ऐकल्यावर भिडे-राव यांच्या गटास दिसले की, थंडीत बहुतेक अणू जोडीजोडीच्या मांडणीत असतात आणि तापमान वाढेल तसे एकट्या इलेक्ट्रॉनांच्या मांडणीतले अणू वाढतात. त्याहून अधिक उष्णतेत तर इलेक्ट्रॉन एका अणूवरून शेजारच्या अणूवर उड्या मारू लागतात. सुमारे २३० अंश सेल्सियसच्या पुढे हा पदार्थ विजेचा चांगला वाहक होतो, त्याची मुळे या हालचालीत आहेत.

या रीतीलाही मर्यादा आहे. संदेश पाठविणारा हेर संदेशाच्या क्षणी कोबाल्ट राहिलेला नसतो, तो लोखंड झालेला असतो. त्यामुळे त्याचे म्हणणे कितपत कोबाल्टचे मानावयाचे, हा प्रश्न उरतो. १९९६ साली करोटिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी गणिताने निराळीच शक्यता दाखविली. ती अशी की, मधल्या पायरीवर चौघे नव्हे, फक्त दोघेच एकटे असावेत. त्यानंतर दहा वर्षांनी, २००६ मध्ये, क्ष-किरणांच्या मापनांनी पुन्हा चौघांच्या बाजूने साक्ष दिली. सत्तर वर्षे झाली, हजारो मापने झाली, तरी सहा इलेक्ट्रॉनांच्या या बिऱ्हाडाचा वाद पुरता मिटलेला नाही.

हिशेबी भेसळ

भेसळ हा शब्द आपल्याकडे दूध-तुपामुळे बदनाम झाला आहे. परंतु पदार्थविज्ञानात मोजून मापून केलेली भेसळ हे मोठे साधन आहे. या ऑक्साइडात लॅन्थनमचे काही अणू काढून त्यांच्या जागी स्ट्रॉन्शियम घालतात. कृती ऐकावयास सोपी आहे. दोन्ही धातूंची चूर्णे कोबाल्टच्या ऑक्साइडाबरोबर खलात घोटावयाची, हजार-अकराशे अंशांच्या भट्टीत तासन् तास ठेवावयाची, पुन्हा घोटावयाची, पुन्हा तापवावयाची. पण वजनात चूक झाली की सारे फुकट. लॅन्थनमचे ऑक्साइड चुनकळीसारखे हवेतील ओल शोषून घेते. ते आधी भाजून न घेता तोलले तर त्याबरोबर पाणीही तोलले जाते आणि प्रमाण बिघडते.

या भेसळीने काय साधते? जमाखर्च मांडू. तीन ऑक्सिजनांचे मिळून सहा ऋण भार. त्यांची भरपाई लॅन्थनमचे तीन आणि कोबाल्टचे तीन धन भार करतात. स्ट्रॉन्शियम दोनच देऊ शकतो. म्हणून एखाद्या कोबाल्टला चार द्यावे लागतात, म्हणजे एक इलेक्ट्रॉन अधिक गमवावा लागतो. त्याच्या धर्मशाळेत एक जागा रिकामी होते आणि शेजारचा इलेक्ट्रॉन तेथे उडी मारतो. त्याची जागा तिसरा घेतो. विजेचा प्रवाह सुरू होतो. उडी मारताना इलेक्ट्रॉन आपले तोंड फिरवीत नाही. म्हणून शेजारी अणूचे चुंबकही त्याच दिशेला असले तरच उडी सोपी जाते. ही कल्पना क्लॅरेन्स झेनर यांनी १९५१ मध्ये मँगनीजच्या ऑक्साइडांसाठी मांडली. इलेक्ट्रॉनांच्या येरझारांनी सर्व अणुचुंबक एका दिशेस वळतात आणि पदार्थ लोखंडासारखा चुंबक बनतो.

शंभर लॅन्थनमांपैकी अठरापेक्षा कमी बदलले, तर असे चुंबकी प्रदेश बेटांसारखे सुटे सुटे राहतात. साधारण अठरा-वीसांच्या पुढे बेटे एकमेकांस मिळतात आणि सारा स्फटिक एकदम वाहक व चुंबक होतो. निम्मे लॅन्थनम बदलले तरी त्याचा क्यूरी बिंदू शून्याखाली सुमारे पंचवीस अंशांवरच राहतो. तेव्हा आपल्याकडच्या हवेत या पदार्थाचा लोहचुंबक करता येणार नाही, हे उघड आहे. त्याचा उपयोग निराळा आहे, आणि खरी अडचणही तेथेच आहे.

फुगण्याचा प्रश्न

माडीवरचे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनांना दूर लोटतात. त्यामुळे एकट्या इलेक्ट्रॉनांच्या मांडणीतला कोबाल्ट जोडीच्या मांडणीतल्यापेक्षा सुमारे बारा टक्के मोठा असतो. चुंबकत्व जागे होते तसा पदार्थ फुगतो. येथे चुंबकत्व आणि उष्णता यांचे खाते एकच आहे.

रेल्वेच्या तेरा मीटर लांबीच्या रुळाचे तापमान पन्नास अंशांनी वाढले तर तो सुमारे आठ मिलिमीटर लांबतो, म्हणून पूर्वी सांध्यांत फट ठेवीत. कोबाल्टचे हे ऑक्साइड लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. आता जळण न पेटविता त्यापासून सरळ वीज काढणाऱ्या 'इंधन-घटां'त हवेच्या बाजूच्या अग्रासाठी हा पदार्थ फार गुणी ठरतो. तो वीज वाहतो आणि ऑक्सिजनलाही आतून वाट देतो. परंतु हे घट सातशे ते हजार अंशांवर चालतात, आणि अग्र ज्या झिर्कोनियाच्या पत्र्यावर बसवावयाचे तो कमी फुगणारा. दहा सेंटिमीटरचा झिर्कोनिया आठशे अंशांनी तापविला असता सुमारे ०.८ मिलिमीटर वाढतो, तर कोबाल्टचा थर त्याच्या दुप्पट वाढू पाहतो. फार उष्णतेत या थरातून थोडा ऑक्सिजनही निघून जातो आणि फुगणे आणखी वाढते. परिणामी थर तडकतो किंवा सुटून येतो. सूक्ष्म इलेक्ट्रॉनाने जिना चढावा आणि त्यामुळे यंत्राला तडा जावा, असा हा संबंध आहे.

यावर उपाय पुन्हा हिशेबी भेसळीचाच. कोबाल्टच्या पाच वाट्यांपैकी चार काढून तेथे लोखंड घातले तर फुगणे बरेच आवरते आणि गुण पुष्कळसे टिकतात. दुसरा उपाय मँगनीजचा. लॅन्थनम-मँगनीजच्या ऑक्साइडात स्ट्रॉन्शियम घालून केलेले अग्र झिर्कोनियाच्या जवळपासच फुगते, म्हणून अशा घटांत ते दीर्घकाळ वापरले गेले आहे. मँगनीज म्हणजे भंडारा जिल्ह्याचे घरचे द्रव्य. तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील खाणींतून ते निघते. डोंगरी बुजुर्गचे मँगनीज डाय-ऑक्साइड तर बॅटरीच्या सुक्या घटांसाठी प्रसिद्ध आहे. खाणीतला दगड तसाच इंधन-घटात घालता येत नाही, त्याचे अतिशय शुद्ध चूर्ण करावे लागते. पण द्रव्य तेच आहे.

उष्णतेपासून सरळ वीज मिळविण्याच्या कामीही कोबाल्टने आशा दाखविली आहे. १९९७ साली जपानमध्ये तेरासाकी यांनी सोडियम-कोबाल्टच्या ऑक्साइडाची एक बाजू तापविली असता दोन टोकांत अपेक्षेपेक्षा पुष्कळ अधिक विद्युत्दाब निर्माण होतो असे दाखविले. इलेक्ट्रॉनांना बसण्याच्या जितक्या निरनिराळ्या रीती तितकी उष्णता ते बरोबर वाहून नेतात, असे त्याचे एक स्पष्टीकरण आहे. म्हणजे पुन्हा तोच खोल्यांचा व मजल्यांचा प्रश्न.

कोबाल्ट जगात थोडे आहे आणि त्याचा निम्म्याहून अधिक पुरवठा आफ्रिकेतील काँगो या एका देशातून होतो. म्हणून ते किती कमी वापरता येईल आणि त्याऐवजी लोखंड किंवा मँगनीज कोठवर चालेल, हा आजचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर केवळ घोटण्या-भाजण्याने मिळणार नाही. कोणते द्रव्य कोणत्या तापमानास आपले इलेक्ट्रॉन कोठे बसविते, हे आधी कळले पाहिजे. डॉ. भिडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली मूठभर किरणोत्सर्गी अणू हेर म्हणून धाडले, ते याच चौकशीसाठी. ती चौकशी अजून चालू आहे. ज्यांच्या जिल्ह्यात मँगनीजच्या खाणी आहेत आणि ज्यांच्या गावात पोलादाची भट्टी आहे, त्यांच्या मुलांपैकी कोणी ती पुढे चालवावी, इतकी ती आपल्या जवळची आहे.